औषधाच्या बाटलीवरचं 'डेंजर' कसं वाचायचं

फवारणीचं औषध, म्हणजे कीटकनाशक किंवा तणनाशक, घेताना बिल पक्कं घ्या, एक्सपायरी बघा, सील तपासा. हे तुम्ही करत असालच, त्यात वेळ घालवत नाही.

आता बाटली फिरवून लेबलवर कोपऱ्यावर उभा असलेला, पतंगासारखा चौकोन शोधा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो आणि वरच्या अर्ध्या भागात चिन्ह किंवा इंग्रजी शब्द. गावात सगळे याला नुसतं 'त्रिकोण' म्हणतात, ते खालच्या रंगीत अर्ध्यामुळे. आधी रंग बघा, मग शब्द. उलटं केलंत तर फसाल.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांत चार पायऱ्या आहेत. सर्वांत जहाल औषधाला लाल रंग, कवटी-हाडं आणि लाल अक्षरांत 'पॉयझन'. त्याखालच्या पायरीला पिवळा रंग. त्यावरही 'पॉयझन' असतं, पण कवटी नसते. तिसरा निळा, त्यावर 'डेंजर'. चौथा हिरवा, त्यावर 'कॉशन'.

म्हणजे 'डेंजर' तिसऱ्या नंबरावर आहे. विजेच्या डीपीवर कवटीसोबत 'डेंजर' वाचत मोठा झालेला माणूस इथे हमखास गोंधळतो. निळी बाटली त्याला सर्वांत वाईट वाटते आणि कवटी नाही म्हणून पिवळी बरी वाटते. खरं तर पिवळी जास्त विषारी. पॅराक्वाट हे तणनाशक पिवळ्यात येतं. त्यावर उतारा नाही आणि घोटभर पोटात गेलं तरी माणूस जातो. हिरव्याचंही तसंच. खाण्याच्या पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याची सवय असल्यामुळे 'हिरवा म्हणजे सेंद्रिय' असं सांगणारे भेटतात. हिरवा म्हणजे चौघांत कमी विषारी, एवढंच.

इंग्रजी व्हिडिओ बघून तर इथली बाटली मुळीच वाचू नका. अमेरिकेत कीटकनाशकावर 'डेंजर' सर्वांत वरच्या पायरीला लिहितात, त्याखाली 'वॉर्निंग', मग 'कॉशन'. रसायनांच्या जागतिक लेबल पद्धतीत शब्दच दोन आहेत: जास्त धोक्याला 'डेंजर', कमी धोक्याला 'वॉर्निंग'. तिकडे राहणाऱ्या पुतण्याला फोटो पाठवून विचारलंत, तर तो बिचारा प्रामाणिकपणे चुकीचं सांगेल.

इथपर्यंत सोपं आहे. पुढचा भाग मलाही उशिरा उलगडला आणि दुकानात तो कोणी समजावत नाही. हा रंग ठरतो कशावरून?

औषध प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना देऊन बघतात. किती मात्रेला त्यातले निम्मे मरतात, तो आकडा वजनाच्या दर किलोमागे मिलिग्रॅममध्ये मांडतात. तोंडावाटे दिल्यावर हा आकडा १ ते ५० आला तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्याच्या पुढे हिरवा. आकडा जितका लहान, तितकं औषध जहाल. कातडीवाटे जाणाऱ्या विषाची मोजणी वेगळी. तिथे लाल २०० पर्यंत, पिवळा २००० पर्यंत आणि निळा २०,००० पर्यंत.

आता या आकड्यांकडे नीट बघा. ५०१ वालं औषध निळं आणि ५००० वालंही निळंच. एकाच रंगाच्या, एकच 'डेंजर' लिहिलेल्या दोन बाटल्यांत दहापट फरक असू शकतो. उलट ५०० आणि ५०१ यांत फरक जवळपास शून्य, पण एक पिवळी आणि दुसरी निळी. त्यामुळे 'निळं आहे ना, मग चालतंय' हा सल्ला मला ऐकवत नाही. निळ्याच्या जहाल टोकाचं औषध पिवळ्याच्या शेजारीच बसलेलं असतं.

दुसरं म्हणजे हा आकडा एकाच वेळी दिलेल्या मात्रेचा आहे. तुम्ही औषध पीत नाही. तुम्ही भर उन्हात, घामेजल्या कातडीवर, वाऱ्याने उलट येणारा फवारा झेलत दिवसभर चालता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करता. ते त्या रंगात कुठेच मोजलेलं नाही. दोन औषधं एका टाकीत मिसळलीत तर त्या मिश्रणाचा रंग कुठल्याच बाटलीवर छापलेला नसतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर दगावले. फवारताना अंगावर आणि श्वासात गेलेल्या औषधाने ते गेले.

म्हणून रंग बघायचा तो 'या बाटलीपाशी काय अजिबात करायचं नाही' हे ठरवायला. किती निष्काळजी राहिलं तर चालेल, हे ठरवायला नव्हे. हातमोजे रंग बघून घालू नका. चारही रंगांना घाला, आणि विशेषतः मापाने औषध ओतताना घाला, कारण बाटलीतलं निखळ औषध टाकीतल्या पाण्यापेक्षा कितीतरी तीव्र असतं. तोंडाला बांधलेला ओला रुमाल संरक्षण देत नाही. तो औषध शोषून नाकाशी धरून ठेवतो. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका, हे लिहायची वेळ यावी याचंच मला नवल वाटतं.

रंगानंतर कंपनीचं मोठं नाव सोडा आणि त्याखालचं बारीक अक्षरातलं रसायनाचं नाव आणि टक्केवारी वाचा. दोन वेगळ्या नावांच्या बाटल्यांत एकच रसायन निघतं आणि माणूस एकावर एक दुप्पट मात्रा मारून मोकळा होतो.

मग उताऱ्याची ओळ. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या औषधांवर तिथे अॅट्रोपिन लिहिलेलं दिसेल. ती ओळ डॉक्टरसाठी आहे, घरी प्रयोग करायला नाही. कुणाला मळमळ, घाम, अंधारी, लाळ सुरू झाली तर त्याला शेतातून बाहेर काढा, कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा आणि १०८ ला फोन लावा. दूध पाजू नका. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात तर काहीच घालू नका. सोबत बाटली न्या. 'कसलं तरी पांढरं औषध होतं' एवढ्यावर डॉक्टरला उतारा ठरवता येत नाही.

शेवटची पायरी खरं तर सील फोडण्याआधीची: लेबलच्या चारही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा आणि फवारणीला जाणाऱ्या मजुराच्या मोबाइलवरही पाठवा. औषध ओघळलं की पहिल्यांदा पुसली जातात ती बारीक अक्षरंच.