दूध नासलं म्हणजे सावर क्रीम झालं नाही!

पिशवीतलं दूध आंबूस लागलं की 'चला, सावर क्रीम झालं' म्हणून ते टॅकोवर (सारण भरलेल्या मेक्सिकन पोळीवर) ओतू नका. अशा पाश्चराइज्ड, म्हणजे डेअरीतच तापवलेल्या, दुधातले दही लावणारे बहुतेक जिवाणू तापवतानाच मेलेले असतात. मग त्यात वाढतात ते भलतेच, आणि ते आंबटपणापेक्षा कडवटपणा आणि कुबट वास आणतात. काही जिवाणूंचं विष उकळूनही जात नाही.

सावर क्रीम म्हणजे विरजलेली साय, आपल्याला अजिबात नवी नाही. लोण्यासाठी आई सायीला विरजण लावते तेच. एक वाटी ताजी साय (किंवा खोक्यातलं बिनसाखरेचं फ्रेश क्रीम) बोटाला जेमतेम कोमट लागेल इतकी करा, चमचाभर ताजं, गोडसर दही नीट मिसळा आणि झाका. आठवड्याची साठवलेली साय लोण्याला चालते, इथे नको.

मुंबईच्या मे महिन्यात पाच-सहा तास पुरतात. रात्रभर ओट्यावर ठेवलंत तर सकाळी डोळे मिटतील इतकं आंबट! जानेवारीत मात्र आठ-दहा तास लागतील. चमचा उभा केल्यावर सावकाश कलंडला की लगेच फ्रिजमध्ये. थंड झाल्यावर आणखी घट्ट होतं. चार-पाच दिवसांत संपवा.

वास दह्यासारखा स्वच्छ हवा. थोडं पाणी सुटलं तर ढवळा, काही बिघडत नाही. पण तार सुटली, चव कडू लागली किंवा गुलाबी-हिरवा ठिपका दिसला, तर वरचं काढून खालचं वाचवायच्या भानगडीत पडू नका, सगळं फेका.