वारशात आलेला गॅस वेल्डिंगचा संच: होस आणि फिटिंग जुळवताना या चुका टाळा

वडिलांचा किंवा आजोबांचा गॅस वेल्डिंगचा संच हाती आला की बहुतेक जण एकच करतात. जुना नट काढून खिशात टाकतात, दुकानात काउंटरवर ठेवतात आणि "असाच द्या" म्हणतात. दुकानदार देतोही. घरी आल्यावर नवा नट दोन आटे जाऊन अडतो, नाहीतर शेवटपर्यंत छान जातो आणि गॅस सोडल्यावर बारीक शिट्टी वाजवतो. मग टेप गुंडाळा, पाना आणखी आवळा, आणि "जुनं सामान आहे, थोडं गळणारच" अशी स्वतःची समजूत घाला.

जुनं सामान म्हणून गळत नाही. जुळत नाही म्हणून गळतं. या संचांतली बहुतेक फिटिंग कुठल्या ना कुठल्या मानकाप्रमाणेच बनलेली असतात. फक्त कुठल्या, ते त्यांच्यावर लिहिलेलं नसतं. ते शोधायच्या आधी खरेदीला निघू नका.

तेलपाणी करून चकचकीत करणं

ही चूक मी स्वतः केली आहे. ऑक्सिजन रेग्युलेटरचा (सिलिंडरचा दाब उतरवून देणाऱ्या भागाचा) नट जाम झाला होता, म्हणून मशीन ऑइलचे दोन थेंब सोडले. नट सुटला, मी खूश. तो रेग्युलेटर मी पुढे कधीच वापरला नाही, कारण तेल आत कुठवर गेलं हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटकन उघडला की ऑक्सिजन रेग्युलेटरच्या तोंडाशी एकदम दाबला जातो आणि तापतो. तिथे तेलाचा नुसता ओशट थर असला तरी तो ठिणगीशिवाय पेटू शकतो, आणि मग पितळही जळतं. म्हणून ग्रीस, गंजाचा स्प्रे, पितळेचं पॉलिश यांतलं काहीही ऑक्सिजनच्या वाटेत नको. जुन्या पेटीत टॉर्चभोवती (ज्योत जिथून निघते त्या हातातल्या अवजाराभोवती) तेलकट फडकं गुंडाळलेलं असतंच; ज्यांनी ते गुंडाळलं त्यांचा हेतू चांगला होता, पण त्या फडक्यातून निघालेला ऑक्सिजनचा प्रत्येक भाग जाणकाराकडून साफ करून घ्यावा लागतो. मापं घेताना हातही कोरडे ठेवा.

नावावरून माप धरणं

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथे जातो.

ब्रिटिश वळणाच्या संचात होसचे, म्हणजे गॅसच्या रबरी नळ्यांचे, दोन्ही जोड सहसा ३/८ बीएसपी (ब्रिटिश स्टँडर्ड पाइप) असतात. हे ऐकून माणूस व्हर्नियर लावतो आणि चक्रावतो, कारण ३/८ इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटर आणि समोरचा आटा भरतो १६.६६ मिलिमीटर. बीएसपीमधला आकडा आट्याचा नाहीच. तो मुळात पाइपच्या भोकावरून आलेला आहे. उलट अमेरिकन पद्धतीत लहान टॉर्चना 'ए' साइज असतो, ३/८-२४ (३/८ इंच व्यास, इंचात २४ आटे), आणि तो खरोखरच साडेनऊ मिलिमीटरचा असतो. म्हणजे दोन दुकानांत "तीन अष्टमांश" म्हणालात तर दोन वेगळ्याच वस्तू हातात पडतील, आणि दोन्ही दुकानदार बरोबर असतील.

नेहमी भेटणारी मापं अशी. बाहेरच्या आट्याचा व्यास १६.६६ आणि इंचात १९ आटे असतील तर ३/८ बीएसपी. १३.१६ आणि तेच १९ आटे म्हणजे १/४ बीएसपी. युरोपातल्या बऱ्याच संचांत ऑक्सिजनला हा आणि इंधन गॅसला ३/८ असतो, त्यामुळे दोन्ही बाजू वेगवेगळ्या भरल्या तर घाबरू नका. १४.२९ आणि १८ आटे म्हणजे अमेरिकन 'बी' साइज, ९/१६-१८. मोठ्या अमेरिकन टॉर्चवर 'सी' साइज, ७/८-१४, साधारण २२.२. जुन्या आट्याची झीज धरून हे आकडे एक-दोन दशांशाने कमी येतील, त्यापेक्षा फार नाही.

नुसता व्यास मोजून थांबू नका. पिच गेजचं (दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, मोजणाऱ्या दातेरी पात्यांच्या साधनाचं) पातं आट्यात बसवून उजेडासमोर धरा; फटीतून प्रकाश दिसला तर ते पातं तुमचं नाही. बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश असतो, अमेरिकन आणि मेट्रिकचा ६०. ब्रिटिश अभियंता व्हिटवर्थने १८४१ मध्ये ५५ अंशांचा आग्रह धरला, अमेरिकन सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा, आणि त्या दोघांचं भांडण अजून तुमच्या पेटीत चालू आहे.

आता खरा सापळा. 'बी' साइजचा नट १/४ बीएसपीच्या आट्यावर चढतो. किंचित सैल वाटतो, दोन-तीन फेरे फिरतो, मग आवळल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात आट्याच्या टोकांची केसाएवढी पकड असते. दाब आल्यावर किंवा होसला हिसका बसल्यावर तो सरळ निसटू शकतो. तसाच प्रकार मेट्रिक १६ × १.५ आणि ३/८ बीएसपीचा: सुरुवात होते, मग पिच चुकत जाते आणि अडतो. इथे जोर लावणारा माणूस जुन्या टॉर्चचा आटा कायमचा बिघडवतो, आणि टॉर्चचं ते अंग परत मिळत नाही. बरोबरचा नट बोटांनी शेवटपर्यंत जायला हवा. पाना फक्त शेवटच्या आवळीसाठी.

सिलिंडरकडची बाजू निराळी मोजा. ब्रिटिश वळणाच्या ऑक्सिजन सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये ५/८ बीएसपीचे आतले आटे असतात आणि रेग्युलेटर त्यात शिरतो. अमेरिकन ऑक्सिजन व्हॉल्व्हला बाहेरून आटे असतात आणि रेग्युलेटरचा नट त्याच्यावर चढतो. व्यास दोन्हीकडे तेवीसच्या आसपास, आटे दोन्हीकडे १४, पण नर-मादी उलट. नुसता आकडा लिहून मागवाल तर हमखास चुकेल. फोटो काढून ठेवा.

गळतीवर टेप

होसच्या जोडात गॅस अडवण्याचं काम आटे करतच नाहीत. निपलचं (होसच्या टोकात बसवलेल्या पितळी नळीचं) निमुळतं किंवा गोलसर टोक टॉर्चच्या तोंडातल्या उतरत्या बैठकीवर दाबलं जातं आणि पितळावर पितळ बसून जोड बंद होतो. नटाचं काम फक्त निपल ओढून धरण्याचं. त्यामुळे आट्यांवर टेप गुंडाळून गळती थांबत नाही. फार तर शिट्टी दुसरीकडून निघते, आणि टेपचा सुटा धागा आत गेला तर बारीक भोकात अडकतो.

गळत असेल तर निपल काढून टोक पाहा. गोल फिरलेली चकचकीत रेघ अखंड दिसली तर बैठक बरोबर आहे. रेघ एका बाजूलाच असेल किंवा तिच्यावर आडवा ओरखडा असेल तर निपल बदला. निपल नवा असूनही रेघ उमटत नसेल तर त्याच्या टोकाचा आकार त्या टॉर्चचा नाही, आटे कितीही जुळले तरी.

उलट्या आट्यांशी झटापट

इंधन गॅसचे आटे डावे, ऑक्सिजनचे उजवे. डाव्या नटाच्या कोपऱ्यांवर खाच कोरलेली असते. जुन्या नटाच्या खाचा पान्याने झिजून गेलेल्या असतात, म्हणून आटाच पाहा: तो उभा धरल्यावर आट्यांचा चढ उजवीकडे वर जात असेल तर उजवा, डावीकडे वर जात असेल तर डावा. सुटत नाही म्हणून पान्याला पाइप लावून ताकद करणारे बहुतेक वेळा डावा नट आवळतच असतात.

एका मापाचा दुसऱ्या मापाशी जोड करणारे अ‍ॅडॉप्टर मिळतात आणि एखादा वापरायला हरकत नाही. तीन अ‍ॅडॉप्टरची साखळी मात्र नको. प्रत्येक जोड म्हणजे गळतीची नवी जागा. आणि पेटीत कुणी लेथवर बनवलेला, एका टोकाला डावा आणि दुसऱ्या टोकाला उजवा आटा असलेला तुकडा सापडला तर तो भंगारात टाका. दोन्ही गॅस एकमेकांच्या वाटेला जाऊ नयेत म्हणूनच तर आटे उलटे केले आहेत.

होस घेताना

जुना होस कितीही बरा दिसला तरी ठेवू नका. निपलच्या मागे दोन बोटांवर तो घट्ट वाकवून पाहा. सालीवर जाळीदार भेगा उघडतील. आतलं अस्तर त्याआधीच गेलेलं असतं, त्याचा भुगा टॉर्चच्या भोकांत जातो.

रंगावरून काही ठरवायचं तर आजच्या नियमाने ठरवा. आयएसओ ३८२१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ऑक्सिजन निळा, अ‍ॅसिटिलीन लाल, एलपीजी नारिंगी. अमेरिकेत ऑक्सिजनला हिरवा आणि इंधनाला लाल. पण रंगापेक्षा होसवरचा छापा महत्त्वाचा: मानकाचा क्रमांक, आतलं भोक, कमाल दाब, वर्ष. अमेरिकन होसवर 'आर' ग्रेड असेल तर तो फक्त अ‍ॅसिटिलीनचा. प्रोपेन त्याचं अस्तर खातो. प्रोपेनवर काम करायचं असेल तर 'टी' ग्रेड हवा. मग नोझलही बदलतं: अ‍ॅसिटिलीनचं कटिंग नोझल प्रोपेनवर नीट चालत नाही.

होसचं भोक निपलच्या दांड्याला जुळलं पाहिजे. ६.३, ८ आणि १० मिलिमीटर ही नेहमीची मापं. सैल होस क्लिपने आवळून भागवू नका, आणि घट्ट होस चढवायला तेल तर नाहीच नाही. स्वच्छ पाणी पुरतं. खरं तर निपल आणि दाबलेली फेरूल (धातूची कडी) कारखान्यातूनच बसवून आलेला तयार होस घ्यावा. पाण्याच्या नळीची स्क्रूची क्लिप रबर एका जागी चेपते आणि दुसऱ्या जागी सैल सोडते.

अ‍ॅसिटिलीनचा फाटलेला होस तांब्याच्या नळीचा तुकडा घालून जोडलेला मी पाहिला आहे. तांब्याशी अ‍ॅसिटिलीनची प्रक्रिया होऊन जे संयुग बनतं ते नुसत्या धक्क्याने फुटतं. पितळ चालतं कारण त्यात तांब्याचं प्रमाण मर्यादित असतं. साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वरची मिश्रधातू या वाटेत नको.

नव्या होसमध्ये पांढरी पावडर असते. टॉर्च जोडण्याआधी प्रत्येक होस मोकळ्या हवेत, आसपास आग नसताना, त्याच्याच गॅसने क्षणभर फुंकून घ्या.

रेग्युलेटरचं प्रेम

टॉर्च वाचवता येतो. रेग्युलेटर शोकेसमध्ये ठेवा. आतला पडदा कडक झालेला असतो, आणि जुने ऑक्सिजन रेग्युलेटर आजच्यापेक्षा कमी दाबाच्या सिलिंडरसाठी बनलेले असतात. आता २०० बारचे सिलिंडर सर्रास असतात. नवा रेग्युलेटर घेतलात की होसच्या एका टोकाचा प्रश्नही आपोआप सुटतो. त्याच्या तोंडाशी फ्लॅशबॅक अरेस्टर (होसमधून उलट येणारी ज्योत अडवणारा) लावा, टॉर्चच्या तोंडाशी चेक व्हॉल्व्ह (गॅस उलटा जाऊ न देणारा). जुन्या संचात यातलं काहीच नसतं. वारशातल्या सिलिंडरचा विचार करू नका, तो गॅस पुरवणाऱ्याच्या ताब्यात द्या.

टॉर्च इंजेक्टरचा असेल, म्हणजे ऑक्सिजनच्या झोताने गॅस ओढणारा, तर एक चाचणी करा. नोझल लावून फक्त ऑक्सिजन जोडा, गॅसचा होस काढलेला ठेवा, टॉर्चवरच्या दोन्ही चाव्या उघडा आणि गॅसच्या तोंडावर स्वच्छ, कोरडं बोट ठेवा. बोट ओढलं गेलं पाहिजे. उलट फुंकर आली तर नोझल बंद आहे किंवा त्या टॉर्चचं नाही. गॅस जोडू नका.

सगळं जोडल्यावर दाब भरा, अ‍ॅसिटिलीन १ बारच्या आतच, सिलिंडर बंद करा आणि पाच मिनिटं काटे पाहा. काटा उतरला तर गळतीसाठी तेल नसलेलं तपासणीचं द्रावण प्रत्येक जोडावर लावा. बुडबुडा बहुधा टॉर्चच्या चावीच्या दांड्याशी दिसतो, जिथे कुणी बघतच नाही. तिथलं पॅकिंग वाळलेलं असतं.

काढलेले जुने होस फेकताना हातभर तुकडे करून फेका, नाहीतर कुणीतरी उचलून पुन्हा जोडेल.