नागपुरातील टिनाच्या शेडला आतून स्प्रे फोम करताना

नागपूरच्या हवामान नोंदींत २३ मे २०१३ चे ४७.९ अंश आहेत आणि २९ डिसेंबर २०१८ चे ३.५ अंशही आहेत. टिनाच्या शेडला ही दोन्ही टोके जशीच्या तशी सोसावी लागतात, कारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा पाऊस अडवतो, उष्णता अडवत नाही. त्या पत्र्याला आतून स्प्रे फोमचा थर द्यावा, हा सल्ला आता बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखानदारांना आणि कळमन्याच्या गोदामवाल्यांना सारखाच मिळतो. मात्र या कामाची जी माहिती वाचायला मिळते, तिच्यातली बरीचशी बर्फ पडणाऱ्या प्रदेशांतल्या इमारती डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असते. तिथले विज्ञान इथेही तेच आहे. कामाचे वेळापत्रक मात्र जवळजवळ उलटे आहे, आणि माझ्या पाहण्यातली फसलेली कामे बहुधा वेळ चुकल्यामुळेच फसली.

फोम निवडताना एवढे लक्षात ठेवावे की तो जागेवरच तयार होतो. आयसोसायनेट आणि पॉलिओल हे दोन द्रव वेगवेगळ्या ड्रममधून, तापवलेल्या होजमधून, समान मापाने गनच्या तोंडाशी एकत्र येतात आणि पत्र्यावर पडताच काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. ओपन सेल प्रकारचा फोम मऊ आणि स्वस्त असतो, पण त्यातून वाफ आरपार जाते. ती गार पत्र्याला भिडली की तिचे पाणी होते आणि फोमच्या आड पत्रा कोणाला न दिसता गंजत राहतो. म्हणून पत्र्याला थेट लावायचा तो क्लोज्ड सेल, म्हणजे बंद कोशांचा, वाफ सहसा न जाऊ देणारा फोमच, आणि त्याची घनता घनमीटरला ३५ ते ४० किलो असावी. ही घनता कोटेशनमध्ये लिहून घ्यावी, कारण हलका फोम फुगवून जाडी दाखवणे अगदी सोपे असते.

जाडीच्या बाबतीत पहिला इंच सर्वाधिक काम करतो. नुसत्या पत्र्यातून जेवढी उष्णता आत येते, तिचा साधारण सातवा हिस्सा २५ मिलिमीटर फोममधून येतो आणि ५० मिलिमीटरमधून तेरावा. पुढे जाडी वाढवावी तसा लाभ आटत जातो. साध्या गोदामाला आपल्याकडे ४० ते ५० मिलिमीटर पुरतात. लेह किंवा द्रासच्या हिवाळ्यात आतून तापवलेल्या शेडला १०० मिलिमीटरही जास्त म्हणता येणार नाहीत, पण तो हिशेब इथे आणून खर्च दुप्पट करण्यात अर्थ नाही. एक हजार चौरस फुटांवर ५० मिलिमीटर थर म्हणजे सुमारे ४.६५ घनमीटर फोम, म्हणजेच ४० किलो घनतेने १८६ किलो माल. त्यात उडून वाया जाणारा माल वेगळा, आणि पन्हाळी पत्र्याचे प्रत्यक्ष क्षेत्रफळ सपाट मापापेक्षा जास्त भरते, हेही धरावे.

खरे काम गन हातात घेण्याआधीचे असते. पावसाळ्यात गळणारी प्रत्येक जागा खडूने खुणावून ठेवावी, ढिले स्क्रू आवळावेत आणि कडक झालेले रबर वॉशर बदलावेत, कारण फोम केल्यानंतर गळती बंद होत नाही, ती फक्त दिसेनाशी होते आणि पाणी भलत्याच ठिकाणी उतरते. सुटणारा गंज तारेच्या ब्रशने काढून त्या जागी प्रायमर मारावा. नव्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर कारखान्यातूनच तेलाचा पातळ हात आलेला असतो. तो डिटर्जंटने धुतला नाही तर फोम वरवर चिकटल्यासारखा दिसतो आणि काही महिन्यांनी पोळीसारखा सुटून येतो. जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढतात आणि वळचणीला जिथे पन्हाळीची तोंडे उघडी असतात, तिथे आधी टेप किंवा फोमच्या पट्ट्या बसवाव्यात. उजेडाचे पारदर्शक पत्रे, व्हेंटिलेटर, वायरिंग आणि पंखे झाकून घ्यावेत. शेवटी दोन-तीन ठिकाणी हातभर जागेवर नमुना फवारून, दुसऱ्या दिवशी चाकूने कापून ओढून पाहावा. फोम मधूनच फाटला आणि पत्र्याला त्याचा थर राहिला, तर पकड चांगली आहे. पत्रा स्वच्छ उघडा पडला, तर धुण्याचे काम पुन्हा करावे.

आता वेळेविषयी. थंड प्रदेशात अडचण अशी की गार पत्रा रसायनाची उष्णता खेचून घेतो, फोम नीट फुगत नाही आणि आक्रसून सुटतो. म्हणून तिथे शेड आधी तापवून घेतात. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पत्रा ६० अंशांच्या वर जातो आणि तिथे फोम इतक्या घाईने फुगतो की पत्र्याशी पकड बसण्याआधीच त्याला साय धरते व मागे पोकळ फुगे राहतात. उन्हाळ्यात काम करणे भागच असेल, तर ते पहाटे सुरू करून नऊच्या सुमारास थांबवावे. पावसाळ्यात हे काम घेऊच नये, कारण पाण्याशी आयसोसायनेटची क्रिया होऊन वायू सुटतो आणि थर सच्छिद्र होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ आहे, पण त्यातही एक खोच आहे. निरभ्र रात्री पत्रा उघड्या आभाळाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही गार होतो आणि पहाटे त्याला आतून दव सुटते. हात फिरवून पत्रा कोरडा लागल्याशिवाय आणि त्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते, त्यापेक्षा) किमान तीन अंश वर गेल्याशिवाय गन सुरू करू नये.

फवारताना प्रत्येक पत्र्याच्या कडा आणि पर्लिनलगतच्या (पत्रे ज्यांवर बसवतात त्या आडव्या लोखंडी आधारांलगतच्या) रेषा आधी पातळ भराव्यात, मग मधला भाग घ्यावा. एकदम जाड थर दिल्यास तो आक्रसताना पातळ पत्र्याला ओढतो आणि बाहेरून छप्पर वाकडे-तिकडे दिसते. एका वेळी ५० मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नये, कारण फोम घट्ट होताना स्वतःच तापतो आणि जाड थर आतून करपू शकतो, क्वचित पेटूही शकतो. पर्लिनवरही फोम चढवावा, नाहीतर उघड्या लोखंडातून उष्णता आत येतच राहते. ज्यांना शेडमध्ये कोल्ड रूम करायची आहे, त्यांच्यासाठी वाफेची दिशा उलटी होते. थंड प्रदेशात वाफ आतून बाहेर जाऊ पाहते, तर इथे ती बाहेरच्या दमट हवेतून आत येते. म्हणून पत्र्याचे सांधे बाहेरच्या बाजूनेच सीलंटने बंद करावेत.

सुरक्षेत काटकसर नको. आयसोसायनेटची वाफ व तुषार श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो; तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क बांधून हे काम करणाऱ्या पोरांना मी अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी काम थांबवायला लावले आहे. गन चालवणाऱ्याला बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा, आणि इतरांनी २४ तास आत जाऊ नये. फोम जळणारा पदार्थ आहे, म्हणून वेल्डिंगची सर्व कामे आधी उरकावीत. जिथे माणसे काम करतात तिथे फोम उघडा न ठेवता त्यावर साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड किंवा त्यासाठी प्रमाणित अग्निरोधक लेप द्यावा. ऊन थेट लागते तिथे रंगाचा थरही हवा, अन्यथा फोम पिवळा पडून भुगा होतो.

आपल्याकडे आणखी एक चूक सर्रास होते. फोम केल्यावर लोक सगळ्या फटी बुजवतात आणि आत कूलर लावतात. कूलर हवेत पाणी सोडतो. ती हवा बाहेर जायला मार्ग नसेल, तर शेड गार न होता नुसते चिकचिकते. कूलरच्या समोरच्या बाजूला, वरच्या अंगाला एक्झॉस्ट ठेवावा.

काम ताब्यात घेताना दर शंभर चौरस फुटांत दोन-तीन ठिकाणी सुई टोचून जाडी मोजावी आणि कोपऱ्यांत व पर्लिनच्या मागे विशेष पाहावे, कारण हात तिथेच आखडतो. पातळ निघालेली जागा त्याच वेळी, मशीन दारात असतानाच भरून घ्यावी.