गाय आज लंगडते, चूक दोन महिन्यांपूर्वीची असते: गोठ्यात आणि पैदाशीत या चुका टाळा

दूध काढायला येणाऱ्या रांगेत रोज शेवटी कोण असतं, ते आठवून बघा. एरवी मधे चालणारी गाय आठवड्याभरात मागे पडत गेली असेल, तर ती आळशी झालेली नसते. तिचा पाय दुखत असतो. शिकार होणाऱ्या प्राण्यांना दुखणं लपवावंच लागतं आणि गाय त्यांपैकीच एक आहे. तिने पाय उचलून धरला म्हणजे दुखणं लपवण्यापलीकडे गेलं. इंग्लंडमधल्या गोठ्यांच्या एका पाहणीत जाणकार निरीक्षकांना १०० पैकी साधारण २२ गाई लंगडताना दिसल्या. त्याच गोठ्यांच्या मालकांचा अंदाज होता सहाच्या आसपास. ही माणसं निष्काळजी नव्हती. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना हळूहळू होणारा बदल दिसत नाही, एवढंच.

पायाकडे पाहता, पाठीकडे नाही

सपाट, कडक आणि न घसरणाऱ्या जमिनीवर गाय चालत असताना बाजूने तिची पाठ पाहा. उभी असताना आणि चालतानाही पाठ सरळ असेल तर गुण १. उभी असताना सरळ पण चालताना कमान होत असेल तर २. दोन्ही वेळा कमान आणि पावलं आखूड पडत असतील तर ३. एखादा पाय उघड वाचवत चालत असेल तर ४, आणि पाय टेकतच नसेल तर ५. बहुतेक गोठ्यांत उपचार ४ ला सुरू होतो. तो ३ ला व्हायला हवा, तोही दोन दिवसांच्या आत. दर पंधरा दिवसांनी, शक्य असेल तर वेगवेगळ्या माणसांनी, ही पाहणी करावी.

पाय न उचलता इंजेक्शन

माझ्या मते गोठ्यातली सगळ्यात महागडी सवय हीच. गाय लंगडली की अँटिबायोटिक द्यायचं, दूध काही दिवस फेकायचं आणि वाट पाहायची. लंगडण्याचं मूळ बहुतेक वेळा खुरातच असतं, तेही मागच्या पायाच्या बाहेरच्या नखात (गाईच्या दुभंगलेल्या खुराचा प्रत्येक भाग म्हणजे एक नख). तिथे तळव्याचा व्रण असेल किंवा नखाची पांढरी रेषा, म्हणजे तळवा आणि नखाची भिंत जिथे जुळतात तो सांधा, फाटली असेल, तर अँटिबायोटिक काही करत नाही. गाय खोड्यात घ्या, पाय बांधून उचला, खूर धुवा आणि बघा. टाचेजवळ लालभडक, ओली, हात लावला की पाय झटकायला लावणारी जखम असेल तर तो डिजिटल डर्मटायटिस. त्यावर औषध जखमेवरच लावायचं असतं. नखांच्या वरचा भाग दोन्ही बाजूंनी सारखाच सुजलेला, बेचकीतून घाण वास आणि अंगात ताप असेल, तर मात्र पशुवैद्यकाला लगेच बोलवा. अँटिबायोटिकचं इंजेक्शन खऱ्या अर्थाने कामाला येतं ते इथे.

व्रणाला हवा असतो आराम. दुखऱ्या नखावरचा भार कमी होईल अशी साळणी (म्हणजे खूर तासणं), शेजारच्या निरोगी नखाला चिकटवलेला ठोकळा आणि पशुवैद्यकाने दिलेलं वेदनाशामक हे तिन्ही मिळून, तेही लंगडणं नुकतंच सुरू झालेलं असताना, सगळ्यात चांगला गुण देतात. व्रणावर पट्टी बांधून ठेवू नका, ती शेणात भिजून जखम कुजवते.

साळणीतली एक चूक इथेच सांगतो. खूर 'छान दिसावं' म्हणून जास्त तासलं जातं. तळवा अंगठ्याने दाबल्यावर दबत असेल, तर तुम्ही आधीच जास्त काढलंय. मागच्या पायाच्या आतल्या नखाची टाच कमी करू नका, बाहेरच्या नखाचा भार तिनेच उचलायचा असतो. नखाच्या पुढच्या कडेची लांबी साडेसात सेंटीमीटरच्या खाली कधीच नेऊ नये, मोठ्या बांध्याच्या गाईत त्याहून जास्तच ठेवावी.

तारीख मागे मोजत नाही

खुराचं शिंग, म्हणजे त्याचं कठीण आवरण, महिन्याला साधारण पाच मिलिमीटर वाढतं. म्हणजे आज तळव्यावर दिसणारा रक्ताचा डाग दोन-तीन महिन्यांपूर्वी आत झालेल्या दुखापतीचा असतो. लंगडी गाय सापडली की कॅलेंडर घेऊन मागे जा. बऱ्याचदा बोट विण्याच्या तारखेवर येऊन थांबतं.

विताना शरीरातले बंध सैल होतात. खुरातल्या हाडाला धरून ठेवणारे बंधही ढिले पडतात, हाड खाली सरकतं आणि तळव्याच्या जिवंत भागाला चेपतं. त्या हाडाखाली चरबीची एक गादी असते. व्यायल्यावर गाय झपाट्याने वाळली की ही गादीही पातळ होते. म्हणून 'लंगडल्यामुळे गाय वाळली' हे अर्धंच खरं. पुष्कळदा ती आधी वाळलेली असते. व्यायल्यानंतरच्या महिन्यांत तिचा शरीरगुण, म्हणजे अंगावरच्या चरबीला पाचपैकी दिलेला गुण, अर्ध्या गुणापेक्षा जास्त घसरू देऊ नका. खुराक एकदम न वाढवता दिवसभरात विभागून द्या. बायोटिन हे जीवनसत्त्व रोज २० मिलिग्रॅम दिल्याने पांढऱ्या रेषेचे आजार कमी होतात, पण नवं शिंग वाढून खाली यायला वेळ लागतो, त्यामुळे सहा महिने तरी धीर धरावा लागतो.

पहिलारू कालवडीची अवस्था सगळ्यात वाईट. मऊ जमिनीवरून ती एकदम सिमेंटवर येते, मोठ्या गाई तिला ढुशा देतात, बसायला जागा मिळत नाही आणि ती तासन्‌तास उभी राहते. गाईला दिवसात बारा तासांच्या आसपास बसायला मिळायला हवं. दूध काढण्यासाठीची सगळी ताटकळ मिळून तीन तासांच्या वर जाऊ नये. कालवडीला विण्याच्या काही आठवडे आधीच गोठ्याची, जमिनीची आणि बसायच्या जागेची ओळख करून द्या. पहिल्या वेतात तळव्याचं दुखणं रेंगाळलं तर खुरातल्या हाडावर नवं हाड वाढू लागतं, आणि ते परत जात नाही.

गाई आणताना मागून रेटणं हीही चूकच. मोकळेपणी चालणारी गाय पुढचा पाय पाहून टाकते आणि मागचा त्याच जागी ठेवते. रेटली की मान वर होते, खडा दिसत नाही आणि पांढरी रेषा फाटते.

फूटबाथवर सगळं सोपवणं

फूटबाथ, म्हणजे गाईंना ज्यातून चालवतात तो औषधी द्रावणाचा हौद, संसर्गासाठी आहे, व्रणासाठी नाही. हौद किमान तीन मीटर लांब हवा, म्हणजे प्रत्येक पाय निदान दोनदा बुडेल. द्रावणाची खोली दहा सेंटीमीटर असावी. मोरचुदाचं प्रमाण ५ टक्के, म्हणजे १०० लिटरला ५ किलो. शेणाने भरलेले खूर तसेच बुडवले तर द्रावण वाया जातं. मोरचुदातलं तांबं शेवटी शेतात साठतं, त्यामुळे गरजेपुरतंच वापरा.

पैदाशीत: फक्त दूध पाहणं

खुरांच्या आजारांत आनुवंशिकतेचा वाटा थोडा आहे, बहुतेक आजारांत १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. हा आकडा ऐकून 'मग वळू कोणताही चालेल' असा निष्कर्ष काढला जातो. तो मला पटत नाही. ठोकळा एका गाईच्या एका पायाला लागतो, वळूची निवड पुढच्या सगळ्या पिढ्यांना. शिवाय जास्त दूध आणि लंगडणं यांचा आनुवंशिक संबंध प्रतिकूल आहे. पायांकडे लक्ष न देता फक्त दुधावर निवड केली तर कळप जागच्या जागी राहत नाही, मागे जातो.

दुसरी चूक म्हणजे सरळसोट पाय चांगले समजणं. बाजूने पाहताना मागचा पाय फार सरळ असला तर धक्का जिरत नाही, फार वाकडा असला तर टाचेवर भार येतो. मधला कोन चांगला. तरीही पायांची ठेवण ही अप्रत्यक्ष खूण आहे. वळूच्या मुलींच्या खुरांच्या नोंदींवरून काढलेला निर्देशांक मिळत असेल तर आधी तो पाहा. नॉर्डिक देशांत साळणी करणाऱ्यांच्या नोंदींवरून तो काढतात, ब्रिटनमध्ये २०१८ पासून लंगडण्याचा स्वतंत्र निर्देशांक आहे.

असा निर्देशांक हाताशी नसेल तर स्वतःची वही आहेच. तारीख, वेत, कोणता पाय, कोणतं नख, काय सापडलं, आणि गाईचा बाप कोण. एका मुलीवरून वळूला दोष देऊ नका. त्याच गोठ्यातल्या, त्याच वेतातल्या इतर गाईंशी तुलना करा. स्क्रूसारखी पिळलेली नखं असलेल्या किंवा वेतामागून वेत लंगडणाऱ्या गाईची कालवड कळपासाठी ठेवू नका. आज केलेल्या रेतनातली कालवड दुधाच्या रांगेत उभी राहायला जवळपास तीन वर्षं लागतील. तोवर ती ज्या जमिनीवर उभी राहणार आहे, ती दुरुस्त करायला वेळ आहे.