एक्सल दुरुस्त करायचा की अख्खा बदलायचा? आधी हाऊसिंग मोजा

फोर-व्हील गाडीच्या मागून घूं-घूं आवाज यायला लागला की आपण लगेच "क्राऊन-पिनियन गेलं" म्हणतो, म्हणजे एक्सलच्या मधले मुख्य गिअर, आणि पार्ट शोधत बसतो. थांबा. आधी हाऊसिंग, म्हणजे एक्सलचं बाहेरचं लोखंडी कवच, सरळ आहे का ते बघा, कारण बेअरिंग, सील, गिअर, शाफ्ट हे सगळं झिजणारंच सामान आहे, ते नवीन आणून बसवता येतं, पण हाऊसिंगच वाकलं असेल तर आत कितीही चांगला माल घाला तो परत खराब होणार.

मी हे एकदा उलट्या क्रमाने केलंय. नवीन क्राऊन-पिनियन, नवीन बेअरिंग सगळं बसवलं आणि दोन महिन्यात मागच्या उजव्या चाकाचं सील गळायला लागलं, ते बदललं, परत गळलं, तिसऱ्यांदा काढून हातात घेतलं तेव्हा दिसलं की सीलचा ओठ एकाच बाजूला घासून गेलाय आणि दुसऱ्या बाजूला अगदी नव्यासारखा आहे. मग मोजलं, तर हाऊसिंगची ट्यूब, म्हणजे मधल्या भागापासून चाकापर्यंतची नळी, वाकलेली. सगळी मेहनत पाण्यात.

म्हणून पहिलं काम मोजमाप. गाडी सपाट आणि पक्क्या जमिनीवर घ्या, टायरमधली हवा सारखी करा. मागच्या दोन्ही टायरच्या मधोमध खडूने खूण करा, ती खूण मागच्या बाजूला हबच्या उंचीवर असताना दोन खुणांमधलं अंतर मोजा, मग गाडी हळूच पुढे ढकला म्हणजे चाक अर्धा फेरा फिरून त्याच खुणा पुढच्या बाजूला येतील, आता परत मोजा. त्याच खुणा वापरायच्या, म्हणजे टायर किंवा रिम थोडी डुगडुगत असली तरी फरक पडत नाही. हाऊसिंग सरळ असेल तर दोन्ही मापं जवळपास सारखी येतात. एखाद-दोन मिलिमीटर टेप धरण्यातही चुकतात, त्यामुळे तीनदा मोजा, पण दर वेळी त्याच बाजूला ठळक फरक येत असेल तर ट्यूब पुढे किंवा मागे वाकली आहे. मग रिमला ओळंबा लावून बघा. उड्या मारलेल्या गाडीच्या ट्यूब टोकाला वर वाकतात आणि चाकं वरच्या बाजूने आत झुकतात.

पुढच्या एक्सलला टो (चाकं पुढून किती आत-बाहेर वळलीत ते) स्टिअरिंगच्या रॉडवर सेट होतो, त्यामुळे टोच्या मापावरून हाऊसिंग कळत नाही, तिथे चाकाचा झुकाव आणि नकलजवळच्या (चाक वळतं तो सांधा) वेल्डमध्ये तडे गेलेत का ते बघायचं.

अजून एक सोपी गोष्ट, जी फार कमी लोक करतात. ज्या एक्सलला मधला भाग ओतीव आणि ट्यूब त्यात दाबून बसवलेल्या असतात, तिथे जोडावर ब्रशने रंगाची एक सरळ रेघ मारा, अर्धी ओतीव भागावर, अर्धी ट्यूबवर. एक-दोन दणकट ट्रेल मारून या आणि खाली वाकून बघा. रेघ तुटून सरकलेली दिसली तर ट्यूब आत फिरतेय. हे वेल्ड करून सावरता येतं, पण ओतीव लोखंडावर वेल्ड करणं हे नेहमीच्या वेल्डिंगसारखं काम नाही, ज्याला येतं त्याच्याकडेच द्या.

आता ऑइल काढा. गाडी जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, स्टँड लावायचेच. ड्रेनच्या किंवा कव्हरच्या चुंबकाला चिकटलेला माल बोटाने घ्या आणि चोळून बघा. काळपट, लोण्यासारखा मऊ लगदा असेल तर तो नेहमीच्या झिजेचा आहे, घाबरू नका. बोटाला टोचणारे कण, चकचकीत कपचे किंवा दाताचा तुकडा आला तर आत काहीतरी फुटतंय. ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलंय, मग बेअरिंगवर गंज चढला असणार असं धरूनच चाला आणि ब्रेदरची (एक्सलमधली हवा बाहेर सोडणारी) नळी पण तपासा, कारण ती चोंदली की नवीन सीलसुद्धा गळतं.

आवाजावरूनही बरंच कळतं. एक्सलरेटर दाबल्यावर घूं वाढत असेल किंवा सोडल्यावर येत असेल तर क्राऊन-पिनियन किंवा पिनियन बेअरिंग, वळताना गाडीचं वजन एका बाजूला गेलं की बदलत असेल तर चाकाचं बेअरिंग. गिअर टाकताना ठक्क होत असेल तर डिफ (डिफरन्शियल, एक्सलचा मधला गिअरचा भाग) उघडायच्या आधी प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे एक्सलपर्यंत ताकद आणणाऱ्या दांड्याचे, क्रॉस (सांधे) हलवून बघा. चाकाकडे जाणारा एक्सलचा शाफ्ट बाहेर काढल्यावर स्प्लाइनच्या (टोकाला कोरलेल्या खाचांच्या) रेषा सरळ आहेत की दोरीसारखा पीळ पडलाय ते बघा, पीळ पडलेला शाफ्ट परत घालू नका.

मग खरा प्रश्न, हा एक्सल तुमच्या टायरला पुरेसा आहे का? डाना कंपनीचे एक्सल घ्या: डाना 35 चा क्राऊन गिअर साधारण साडेसात इंचाचा आणि शाफ्ट 27 स्प्लाइनचे, जुन्या डाना 44 चा साडेआठ इंच आणि 30 स्प्लाइन, डाना 60 चा पावणेदहा इंच आणि बऱ्याच वेळा 35 स्प्लाइन. बहुतेक डाना 35 मध्ये शाफ्ट आतल्या टोकाला सी-क्लिपवर (C आकाराची छोटी क्लिप) अडकलेला असतो, म्हणजे शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. अशा एक्सलवर 35 इंची टायर आणि लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) टाकायचा विचार असेल तर त्यात नवे गिअर घालणं मला पटत नाही, मोठा एक्सलच शोधा. टायर मूळ मापाचे किंवा थोडेच मोठे असतील, हाऊसिंग सरळ असेल, बेअरिंगची घरं खराब झाली नसतील, तर बिनधास्त दुरुस्त करा.

बदलायचं ठरलं तर हाताशी आलेला एक्सल लगेच उचलू नका. चाक-बसण्याच्या पृष्ठभागापासून पृष्ठभागापर्यंत रुंदी, स्प्रिंगच्या बैठकी, बोल्टचा पॅटर्न, ब्रेक, एबीएसचा सेन्सर, पिनियनचा कोन, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, सगळं जुळवावं लागतं. पुढच्या एक्सलमध्ये डिफ ज्या बाजूला आहे तीच बाजू ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) हवी. आणि भंगारातला एक्सल म्हणजे पण दुरुस्तीच आहे, बेअरिंग आणि सील तर घालावेच लागतात, वरचंच मोजमाप त्यालाही करायचं. रेशोचं (पिनियनच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरतं) गणित सोपं आहे, जुना रेशो गुणिले नवीन टायर भागिले जुना टायर. 3.73 आणि 29 इंच होतं, आता 35 इंच, तर 4.50 येतं, म्हणून 4.56 घ्या. पुढे-मागे रेशो एकच पाहिजे, नाहीतर फोर-व्हील टाकताच ट्रान्सफर केसवर ताण येतो.

दुरुस्त करायचं ठरलं तर घाई फक्त एका ठिकाणी करू नका, गिअर सेट करताना. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजनेच बघा, बऱ्याच डिफला 0.15 ते 0.25 मिलिमीटर लागतो, तुमच्या एक्सलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या. दातांना पिवळी पेस्ट लावून फिरवा, डाग दाताच्या मधोमध यायला हवा, दाताच्या शेंड्याकडे किंवा मुळाशी गेला तर पिनियनचा शिम (पातळ चकती) बदला आणि परत सगळं खोला, पाच वेळा खोलावं लागलं तरी खोला. क्रश स्लीव्ह (पिनियनच्या बेअरिंगमधली दाबली जाणारी नळी) आणि पिनियनचा नट नवीनच घ्या. गेज नसेल, हात बसलेला नसेल, तर हा भाग जाणकाराकडून करून घ्या, बाकी सगळं घरी जमतं.

नवीन गिअर बसले की पहिल्या दिवशी लांब पल्ला मारू नका, 20-25 किलोमीटर सावकाश चालवून एक्सल पूर्ण गार होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. पहिल्या 800 किलोमीटरला ऑइल बदला आणि चुंबकावरचा लगदा परत बोटाने चोळून बघा.