२ टीबीचा पेनड्राइव्ह ४९९ ला? ऑर्डर करायच्या आधी हे बघा

ऑनलाइन स्वस्तातलं इलेक्ट्रॉनिक्स घेताना टायटलमधला मोठा आकडा सगळ्यात शेवटी वाचा, आधी खाली स्क्रोल करून वजन, स्पेसिफिकेशन, सेलर आणि रिटर्न पॉलिसी बघा. खोटा आकडा टायटलमध्ये टाकायला काहीच लागत नाही, पण खालच्या माहितीत तो बहुतेक वेळा उघडा पडतो.

पॉवर बँकचंच घ्या. ५०,००० एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप), किंमत हजाराच्या आत आणि खाली वजन लिहिलंय २५० ग्रॅम. आता आतमध्ये १८६५० नावाचे गोल सेल असतात ना, त्यातला चांगल्यातला चांगला साधारण ३,५०० एमएएचचा आणि ४५-५० ग्रॅमचा, म्हणजे ५०,००० साठी १४-१५ सेल लागणार, नुसत्या सेलचंच वजन साडेसहाशे-सातशे ग्रॅम झालं, मग ते २५० ग्रॅममध्ये बसणार कसं? चपटे सेल असले तरी हिशोब फार बदलत नाही. वजनच दिलं नसेल तर सरळ पुढची लिस्टिंग बघा.

अजून एक, चांगल्या कंपनीच्या २०,००० वाल्या पॉवर बँकवर पण बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' १२,००० च्या आसपास लिहिलेली असते, ती फसवणूक नाही, सेल ३.७ व्होल्टचे आणि यूएसबीतून निघतात ५ व्होल्ट, त्यात थोडी वीज वाया पण जाते म्हणून एवढंच हातात येतं. हा दुसरा आकडा जो छापतो त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवतो. आणि भारतात पॉवर बँकला बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे, लेबलवर 'आर' ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून कंपनी आणि वस्तू तीच येते का ते चेक करा. लिथियमची बॅटरी आपण उशाशी ठेवून चार्ज करतो, घरात लहान मुलं असतात, त्यामुळे इथे कंटाळा करूच नका.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डचा प्रकार जास्त वाईट. आतली चिप ३२ किंवा ६४ जीबीची, पण कंट्रोलरमध्ये (चिपचा कारभार बघणारा भाग) फेरफार करून कॉम्प्युटरला २ टीबी दाखवायला लावलेलं असतं. लावल्यावर २ टीबी दिसतं, लोक खुश होऊन लगेच ५ स्टार देतात, आणि खरी जागा भरली की पुढच्या फाइल्स आधीच्यांवर लिहिल्या जातात किंवा गायब होतात, नावं दिसतात पण उघडत नाहीत. लग्नाचे फोटो असे गेले तर परत येत नाहीत हो! म्हणून नवीन कार्ड आलं की फोटो टाकायच्या आधी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३ हे फुकटचं टूल चालवा, ते पूर्ण जागा भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवा, पण रिटर्नची मुदत संपायच्या आत करा.

प्रोजेक्टरमध्ये '४के सपोर्ट' म्हणजे फक्त ४के व्हिडिओ घेतो एवढंच, भिंतीवर दिसणार ते 'नेटिव्ह' रिझोल्युशन, म्हणजे प्रोजेक्टरचं स्वतःचं, ते बऱ्याचदा १२८०×७२० किंवा त्याहून कमी. लुमेन्स म्हणजे उजेडाचं माप, त्या शब्दाच्या आधी 'एएनएसआय' (ठरलेल्या पद्धतीने मोजल्याची खूण) नसेल तर तो आकडा सोडून द्या.

रिव्ह्यू वाचताना आधी 'लेटेस्ट' लावा, मग १ आणि ३ स्टारवाले फोटोसकट बघा. काही सेलर जुन्या लिस्टिंगवर नवीन माल चढवतात, त्यामुळे पेनड्राइव्हच्या खाली मोबाइल कव्हरचं कौतुक दिसलं तर ते स्टार त्या मालाचे नाहीतच.

रिटर्न पॉलिसीत 'ओन्ली रिप्लेसमेंट' असेल तर खोट्या कार्डाच्या बदल्यात दुसरं खोटं कार्ड येणार, त्यामुळे रिफंड मिळतो का ते ऑर्डरच्या आधी बघा. लिस्टिंगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा कारण नंतर ती बदलतात, आणि पार्सल उघडताना लेबल दिसेल असा सलग व्हिडिओ काढा. रिफंड नाकारला तर साइटच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार अधिकाऱ्याला, लेखी कळवा, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तिथेही दाद लागली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोललं तरी चालतं, फक्त ऑर्डर नंबर आणि ते स्क्रीनशॉट हाताशी ठेवा.