भाकरी बंद करण्यापूर्वी: कमी कर्बोदकांच्या आहारातील या चुका टाळा

मराठवाड्यातील बहुतेक घरांत ‘डाएट सुरू केले’ याचा अर्थ ‘भाकरी बंद केली’ असाच होतो, आणि गडबडीला तेथूनच सुरुवात होते. कमी कर्बोदकांचा आहार म्हणजे दिवसभरातील कर्बोदके साधारणतः 130 ग्रॅमच्या आत ठेवणे होय. कीटो आहारात ही मर्यादा 20 ते 50 ग्रॅमपर्यंत खाली येते. हिशेब दिवसाचा असतो, एकट्या भाकरीचा नव्हे. ज्वारीच्या एका मोठ्या भाकरीला 70 ग्रॅम पीठ लागत असेल, तर तिच्यातून 45 ते 50 ग्रॅम कर्बोदके मिळतात. रात्रीची ही एक भाकरी सोडणारा माणूस दिवसातून पाच वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा घेत असेल, तर त्याने जवळजवळ तेवढीच कर्बोदके निव्वळ साखरेच्या रूपात घेतलेली असतात. भाकरीतील तंतू आणि प्रथिने मात्र गमावलेली असतात. त्यामुळे कपात करायची तर आधी चहातील साखर, मग बिस्किटे, खारी आणि फरसाण, नंतर भात, आणि भाकरीचा क्रमांक सर्वांत शेवटी. साखरेऐवजी गूळ वापरून या हिशेबात काहीही फरक पडत नाही.

याच्या अगदी उलट चूकही तितकीच सर्रास होते. ज्वारी ‘शुगरला चालते’ म्हणून तीन-तीन भाकऱ्या खाल्ल्या जातात आणि हुरड्याच्या दिवसांत तर कोणी मोजतच नाही. ज्वारी गव्हाच्या मैद्यापेक्षा किंवा पांढऱ्या भातापेक्षा निश्चितच बरी, परंतु तिच्या पिठातही दोन तृतीयांश भाग कर्बोदकांचाच असतो. एकादशीचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे आणि भगरही धान्यच आहे. उपवासाच्या दिवशी पथ्य आपोआप पाळले जाते, ही समजूत सोडून द्यावी.

भाकरी कमी केल्यानंतर ताटातील ती जागा रिकामी ठेवणे ही पुढची चूक. दुपारी अर्धपोटी उठलेला माणूस संध्याकाळी पाचच्या सुमारास टपरीवर भजी खातो आणि ‘हा आहार मला मानवत नाही’ असे म्हणतो. त्या जागी वांगे, दोडका, मेथी, चाकवत, तांदुळजा अशा भाज्यांची वाटी दुप्पट करावी, सोबत दही, पनीर किंवा मोड आलेली मटकी घ्यावी, आणि खाणाऱ्यांनी अंडी, मासे किंवा चिकन घ्यावे. एवढ्यावर बद्धकोष्ठतेची तक्रारही बहुधा होत नाही, कारण तिचे मूळ तंतू आणि पाणी कमी पडण्यातच असते. शेंगदाणे चांगलेच, पण मूठभर म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 160 कॅलरी असतात, त्यामुळे डबा समोर ठेवून खाऊ नयेत. शुद्ध शाकाहारी घरात काटेकोर कीटो पाळणे फार अवघड आहे, हे येथेच स्पष्ट सांगितलेले बरे: तुरीच्या डाळीत आणि बेसनात निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचा असतो, त्यामुळे वाटीभर वरण आणि थोडे पिठले एवढ्यानेच दिवसाचा मोठा वाटा संपतो. अशा घरात एक वेळ एक भाकरी आणि दुसऱ्या वेळी अर्धी, हा मार्ग जास्त टिकाऊ ठरतो.

मात्र खरा धोका ताटात नसून औषधांच्या डब्यात असतो. मधुमेहाच्या गोळ्यांचा किंवा इन्सुलिनचा डोस रुग्णाच्या नेहमीच्या जेवणावर बेतलेला असतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदके एकदम निम्मी केली आणि डोस तोच ठेवला, तर रक्तातील साखर दर डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम येणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, बोलण्यात विसंगती येणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी ‘माझी साखर बंद आहे’ म्हणून हट्ट धरणारे रुग्ण असतात. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांनी फार कमी कर्बोदके घेतली किंवा निर्जळी उपवास केला, तर रक्तात कीटोन आम्ले (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साचू शकतात, आणि ग्लुकोमीटरवरील आकडा फारसा वाढलेला नसल्यामुळे कोणाला संशयही येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी आणि जोरजोरात श्वास अशी लक्षणे दिसली, तर पित्त झाले असेल म्हणून वाट पाहू नये. थोडक्यात, आहार बदलण्याच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांकडून औषधांची फेरआखणी करून घ्यावी; रक्तदाबाच्या गोळ्यांचीही, कारण दाबही कमी होतो.

पहिल्या आठवड्यात काट्यावर दोन-तीन किलो कमी दिसले, तर ते मुख्यतः पाणी असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनसोबत (साखरेच्या साठ्यासोबत) त्याच्या सुमारे तिप्पट पाणी असते आणि साठा संपताच ते निघून जाते. इन्सुलिन घटल्यामुळे मूत्रपिंडेही जास्त मीठ बाहेर टाकतात. डोके दुखणे, पोटऱ्यांत गोळे येणे, उठताना अंधारी येणे हे त्यातूनच घडते. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात, पारा 42 च्या वर असताना, असा आहार सुरू करणे टाळावेच. थंडीत सुरुवात करावी आणि मीठ घातलेले ताक घ्यावे. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र मीठ वाढवण्यापूर्वी विचारावे. गर्भवती, स्तनदा माता आणि टाइप 1 मधुमेहाचे रुग्ण यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये.

महिन्याभरानंतर वजन थांबले म्हणजे आहार फसला असेही नाही. अमेरिकेत 609 जणांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वर्षअखेर कमी स्निग्ध आहाराच्या गटाचे वजन सरासरी 5.3 किलोने, तर कमी कर्बोदकांच्या गटाचे 6 किलोने घटले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या नगण्य ठरला. टाइप 2 मधुमेहात पहिल्या सहा महिन्यांत साखर चांगली उतरते, पुढे हा फायदा ओसरत जातो, कारण तोवर पथ्यही सैल झालेले असते. काहींचे एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल याच काळात वाढते, विशेषतः भाकरीची भरपाई तूप-लोण्याने केली असेल तर. त्यामुळे लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) आणि एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) सुरुवातीला व तीन महिन्यांनी करून घ्यावी, आणि एलडीएल चढलेले दिसले तर तूप कमी करून करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलावर यावे.